व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा सीटी स्कॅन : श्वास काही क्षण का थांबवतात?

अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना जे प्रश्न पडतात, त्यातले निम्मे ते तिथल्या डॉक्टरांना विचारतच नाहीत. एक तर डॉक्टर घाईत असतात, आणि दुसरे म्हणजे विचारले तर रागावतील की काय, अशी भीती असते. मग हेच प्रश्न महिन्या-दोन महिन्यांनी आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडे येतात. त्यातला एक मी बऱ्याचदा ऐकला आहे. "फोटो काढाले नेलं तवा त्यायनं मशीन बंद केली जी. काहून केली असंन?" रुग्ण बरा होऊन घरी आला असेल तर हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा असतो. रुग्ण दगावला असेल तर तोच प्रश्न संशय होऊन वर्षानुवर्षे घरात राहतो. म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

उत्तर आधीच सांगतो. मशीन बंद केलेली नसते. व्हेंटिलेटरवर एक बटण असते. ते दाबून धरले की यंत्राच्या झडपा मिटतात आणि आत गेलेली हवा तेवढ्यापुरती आतच राहते. छाती पाच-दहा सेकंद स्थिर राहते आणि तेवढ्यात फोटो निघतो. बटण सोडले की यंत्र पुन्हा पहिल्यासारखे चालू लागते. हे मुद्दाम केलेले असते आणि रुग्णाच्या भल्यासाठी केलेले असते. ते का करावे लागते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

ज्या वाचकांनी छातीचा साधा एक्स-रे काढून घेतला असेल, त्यांना "मोठा श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका" ही आज्ञा आठवत असेल. जुन्या फोटो स्टुडिओत लहान मूल हलले की चेहरा पुसट यायचा आणि एका हाताचे दोन हात दिसायचे. छातीच्या फोटोचेही तसेच आहे. साध्या शांत श्वासातसुद्धा छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, एक ते दोन सेंटिमीटर खाली-वर होतो. त्याला टेकलेला फुप्फुसाचा खालचा भागही त्याच्याबरोबर सरकतो. सीटी स्कॅनमध्ये आपण एखाद-दुसऱ्या मिलिमीटरच्या बारीक चकत्या पाहत असतो. काकडी चिरताना ती सुरीखाली पुढे-मागे सरकत राहिली तर चकत्या जशा येतील, तसा तो फोटो येतो.

सीटी स्कॅनच्या जन्मापासूनच ही अडचण सोबत आहे, असे म्हटले तरी चालेल. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात झाली. ती डोक्याची होती. त्या वेळी प्रत्येक चकतीला चार-पाच मिनिटे लागत. डोके घट्ट बसवून ठेवता येते, पण पाच मिनिटे श्वास रोखून कोण राहणार? त्यामुळे छातीला थांबावे लागले. हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्रे झपाट्याने वेगवान होत गेली. १९९० च्या सुमारास टेबल सरकत असतानाच गोल फिरत फोटो घेणारी यंत्रे आली आणि दहा वर्षांच्या आत एका फेरीत अनेक चकत्या घेणारी यंत्रेही आली.

कोरोनाच्या काळातला दरांचा तक्ता वाचकांना आठवत असेल. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने छातीच्या एचआरसीटीचे दर ठरवून दिले होते. १६ स्लाइसपेक्षा कमीच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रावर २,५०० आणि त्यापुढच्या यंत्रावर ३,०००. त्या वेळी अनेकांनी मला विचारले होते, की हे १६ आणि ६४ म्हणजे काय? यंत्र एका फेरीत किती चकत्या टिपते, त्याचा तो आकडा. चकत्या जितक्या जास्त, तितकी छाती लवकर संपते. १६ स्लाइसच्या यंत्राला पूर्ण छातीसाठी साधारण दहा सेकंद किंवा थोडी अधिक लागतात, तर ६४ च्या यंत्राला त्याच्या निम्म्याच्या आसपास. अगदी आधुनिक यंत्रांना एखादा सेकंदही पुरतो, पण ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत आहेत.

आता साधा हिशेब करा. व्हेंटिलेटर मिनिटाला १६ श्वास देत असेल तर एक श्वास जेमतेम पावणेचार सेकंदांचा होतो. दहा सेकंदांच्या स्कॅनमध्ये अडीच श्वास होऊन जातात. म्हणजे फुप्फुसाच्या वरच्या टोकाच्या चकत्या श्वास घेतानाच्या, मधल्या श्वास सोडतानाच्या आणि खालच्या परत घेतानाच्या. एकाच माणसाच्या तीन वेगळ्या अवस्था एका फोटोत जोडलेल्या.

पुसट फोटोचे तोटे

पुसट फोटो निदान पुसट तरी दिसावा. तो कधी कधी स्वच्छ दिसतो आणि खोटे सांगतो, हा खरा धोका आहे. हललेल्या छातीत एका रक्तवाहिनीच्या दोन दिसतात. श्वासनलिकेच्या शाखेची भिंत दुहेरी दिसते आणि नळी रुंदावल्याचा भास होतो. छोटी गाठ दोनदा दिसते, किंवा दोन चकत्यांच्या मधून निसटून दिसतच नाही.

'ग्राउंड ग्लास' हा शब्द तर कोरोनाने घरोघरी नेला. धुरकट काचेसारखा दिसणारा भाग असा त्याचा अर्थ. २५ पैकी किती गुण आले, हे लोक परीक्षेच्या निकालासारखे एकमेकांना सांगत असत. पण निरोगी माणसाने श्वास पूर्ण सोडला की त्याच्या फुप्फुसातली हवा कमी होते आणि तेसुद्धा थोडे धुरकट दिसते. म्हणजे श्वास सोडताना घेतलेला फोटो नसलेला न्यूमोनिया दाखवू शकतो, आणि असलेला न्यूमोनिया आहे त्यापेक्षा मोठा दाखवू शकतो.

याहून गंभीर गोष्ट रक्ताच्या गुठळीची आहे. दिवसेंदिवस पडून असलेल्या रुग्णाच्या पायात गुठळी तयार होऊन ती फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकू शकते. अशी शंका आली की शिरेतून औषध देऊन सीटी काढतात. रक्तवाहिनी औषधाने उजळते आणि गुठळी काळ्या खाचेसारखी दिसते. छाती हलल्यानेही बारीक वाहिन्यांत तशीच काळी खाच उमटू शकते. ती खरी मानली तर रुग्णाला कित्येक महिने रक्त पातळ करणारी औषधे द्यावी लागतात, आणि त्या औषधांनी रक्तस्राव होण्याचा धोका असतो. उलट खरी गुठळी पुसट फोटोत हरवली तर काय होईल ते सांगायला नको. क्ष-किरणतज्ज्ञ अहवालात 'श्वासाच्या हालचालीमुळे तपासणीस मर्यादा' असे लिहितात, ते याच कारणाने. ते वाक्य वाचकांनी सोडून देऊ नये.

फोटो पुन्हा काढावा लागला तर किरणोत्सर्गही दुप्पट. छातीच्या एका सीटीमध्ये साधारण पाच ते सात मिलिसिव्हर्ट एवढे किरण लागतात. निसर्गातून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे एक सीटी ही दोन-तीन वर्षांची नैसर्गिक मात्रा झाली. जीव वाचवायचा असेल तर ती काहीच नाही, पण नुसते पुसट आले म्हणून ती दोनदा का घ्यावी? शिरेतले औषधही पुन्हा द्यावे लागते, आणि अशा रुग्णांची मूत्रपिंडे बहुधा आधीच थकलेली असतात.

बेशुद्ध माणसाने श्वास कसा रोखायचा?

शुद्धीवरचा माणूस सांगितले की श्वास रोखतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी हे काम दुसऱ्याने करायचे असते. ते कसे होते ते सांगतो, कारण नातेवाइकांना दाराबाहेर उभे केलेले असते आणि फटीतून अर्धेच दिसते.

विभागातून निघण्यापूर्वी नळीतला कफ ओढून काढतात, नळी पक्की बांधतात आणि ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहे ना ते पाहतात. रुग्ण स्वतः श्वास ओढत असेल तर नुसते बटण दाबून काही उपयोग होत नाही, मिटलेल्या झडपेवर तो धडपडत राहतो आणि छाती उलट जास्तच हलते. म्हणून गुंगीचे औषध थोडे वाढवतात आणि गरज पडली तर स्नायू सैल करणारे इंजेक्शन देतात. टेबलावर घेतल्यावर काही मिनिटे शंभर टक्के ऑक्सिजन देतात, म्हणजे थांबण्याच्या काळापुरती आत शिदोरी असते. यंत्र आधी एक साधा, आखणीपुरता फोटो काढते. त्यानंतर शिशाचा एप्रन घातलेला डॉक्टर व्हेंटिलेटरपाशी थांबतो, काचेपलीकडून तंत्रज्ञ खूण करतो, श्वास आत गेल्याबरोबर बटण दाबले जाते आणि टेबल सरकू लागते. रेकॉर्ड केलेला आवाज त्याच वेळी "श्वास रोखा" म्हणत असतो, पण तो ऐकणारा कोणी नसतो. या दोघांचा मेळ जमला तर फोटो उत्तम येतो. तो जमण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आधी एकदा बोलून घेतले तरी पुरते. बऱ्याच ठिकाणी नेमके तेच राहून जाते, हे माझे मत मी लपवणार नाही.

मेळ जमणार नाही असे वाटले तर तंत्रज्ञ एक युक्ती करतात. स्कॅन वरून खाली न घेता खालून वर घेतात. सर्वांत जास्त हलणारा खालचा भाग आधी उरकतो, आणि मध्येच श्वास सुरू झाला तरी वरचे टोक फारसे हलत नाही.

पूर्वी काही ठिकाणी नळी व्हेंटिलेटरपासून सरळ काढून ठेवत आणि तेवढ्यात फोटो घेत. नातेवाइकांची जी 'मशीन काढली' अशी आठवण असते, ती कधी कधी यामुळे असते. ही पद्धत चांगली नाही. गंभीर रुग्णाच्या फुप्फुसात श्वास सोडल्यावरही यंत्र थोडा दाब राखून ठेवते, त्याला पीप म्हणतात. त्या दाबावर हवेचे बारीक कोश उघडे असतात. नळी काढली की दाब जातो, कोश मिटतात, ऑक्सिजन घसरतो, आणि फोटोतही फुप्फुस आहे त्यापेक्षा वाईट दिसते. मोठे यंत्र काढून प्रवासाचे छोटे यंत्र जोडायचे असेल तेव्हा नळीला क्षणभर चिमटा लावतात तो याचसाठी. तो चिमटा पाहूनही नातेवाईक घाबरतात.

बाहेरच्या माणसाला आणखी एक गोष्ट घाबरवते. श्वास थांबवल्यावर मॉनिटरची घंटा वाजू शकते. शिवाय बोटाला लावलेल्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा नेहमी थोडा मागून चालतो. त्यामुळे श्वास परत सुरू झाल्यानंतर तो काही वेळ खाली येतो आणि मग चढतो. पाहणाऱ्याला वाटते, फोटो झाला आणि तब्येत बिघडली.

हे सगळ्यांना चालते का? नाही. ज्यांचा ऑक्सिजन आधीच काठावर आहे, रक्तदाब अगदी कमी आहे, डोक्याला मार लागून मेंदूवर दाब वाढलेला आहे किंवा फुप्फुसातून हवा गळते आहे, अशांच्या बाबतीत डॉक्टर फार जपून वागतात, किंवा श्वास न थांबवता जमेल तसा फोटो घेतात. रुग्णाला झेपेल तो फोटो चांगला. पुसट फोटोवर कधी कधी समाधान मानावे लागते, त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही.

स्थिर फोटोंनी काय शिकवले

इटलीतील डॉ. लुचियानो गॅटिनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात व्हेंटिलेटरवरच्या अत्यवस्थ रुग्णांचे असे सीटी काढून पाहिले. साध्या एक्स-रेमध्ये त्या रुग्णांची दोन्ही फुप्फुसे सरसकट पांढरी दिसत. सीटीत दिसले की पाठीकडचा भाग मिटलेला आहे आणि पुढचा थोडासाच भाग हवा घेतो आहे. काही रुग्णांत तो भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असे. आणि त्या काळी यंत्र त्यात मोठ्या माणसाची भरपूर हवा कोंबत असे. पुढे अमेरिकेत ८६१ रुग्णांवर तुलना झाली आणि २००० साली तिचे निष्कर्ष आले. अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले होते, तर ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१ टक्के. आज आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांतही बेतानेच हवा देतात. कोरोनात पालथे झोपवण्याची पद्धत सर्वांनी पाहिली. ती का उपयोगी पडते हे कळायलाही याच फोटोंची मदत झाली.

आपल्या जिल्ह्यापुरते

यवतमाळ जिल्ह्यात व्हेंटिलेटर म्हटले की मला दोन प्रकारचे रुग्ण आठवतात. एक फवारणीचे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यातल्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे गेली, हे कोणी विसरलेले नाही. अशा काही विषांत पहिला झटका ओसरल्यावर एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. म्हणून रुग्ण 'आता बरा दिसतो' म्हणून घरी नेण्याची घाई करू नये. दुसरे मण्यार चावलेले. शेतातल्या झोपडीत किंवा घरात जमिनीवर झोपलेल्याला रात्री ती चावते, दुखतही नाही, आणि पहाटे पापण्या उघडत नाहीत.

या दोन्हींत फुप्फुस सुरुवातीला चांगले असते, दुबळे होतात ते स्नायू. सीटीची वेळ येते ती पुढे, उलटी किंवा कफ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाला तर. आणि मण्यारीच्या रुग्णाबाबत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याचा हात हलत नाही, डोळे उघडत नाहीत, पण त्याला ऐकू येत असते. गुंगी पुरेशी नसेल तर श्वास थांबल्याचे त्याला समजते. म्हणून बटण दाबण्याआधी त्याच्या कानाशी सांगावे, "आता फोटोसाठी दहापर्यंत मोजतो, तेवढा वेळ हवा थांबेल, मग लगेच सुरू होईल." डॉक्टर विसरले तर नातेवाइकांनी आठवण द्यावी. कोणी रागावणार नाही, आणि रागावले तरी हरकत नाही.

दूरच्या तालुक्यांतून, उमरखेड-पुसद-वणीकडून, रुग्ण यवतमाळला, सेवाग्राम-सावंगीला किंवा नागपूरला हलवला जातो. अशा वेळी जुने फोटो आणि अहवाल बरोबर द्यावेत. कारण सीटीसाठी रुग्णाला विभागाबाहेर काढणे हीच एक जोखीम आहे. नळी सरकू शकते, सिलिंडर संपू शकते. या सीटीने उपचारात काय बदल होणार आहे, असे डॉक्टरांना शांतपणे विचारण्याचा हक्क नातेवाइकांना आहे. पुष्कळदा खाटेजवळची सोनोग्राफीही काम भागवते. गंमत म्हणजे तिथे छातीची हालचाल अडचण ठरत नाही, उलट कामाची ठरते. फुप्फुसाचे आवरण श्वासाबरोबर सरकताना दिसले तर त्या जागी हवा फुटून बाहेर आलेली नाही, हे तिथल्या तिथे कळते.

खाटेवरच्या रोजच्या एक्स-रेबद्दलही लिहितो, कारण भांडणे जास्त त्यावरूनच होतात. "कालपेक्षा आज छाती जास्त पांढरी दिसते," असे म्हणून नातेवाईक फोटो मोबाइलवर घेऊन माझ्याकडे येतात. कालचा फोटो छाती फुगलेली असताना निघाला आणि आजचा हवा सोडताना निघाला, तर रोग तेवढाच असूनही आजचा पांढराच दिसणार. शिवाय झोपवून समोरून काढलेल्या फोटोत हृदयही मोठे दिसते. चांगला तंत्रज्ञ व्हेंटिलेटरकडे पाहत उभा राहतो आणि छाती वर आली की बटण दाबतो. फोटो पाहताना फुप्फुसाच्या खालच्या कडेपर्यंत किती बरगड्या दिसतात, ते क्ष-किरणतज्ज्ञ मोजतात. दोन दिवसांच्या मोजणीत फरक असेल तर आधी तो ध्यानात घेऊनच ते तुलना करतात. मोबाइलवरच्या फोटोत ही मोजणी नीट करता येत नाही. म्हणून माझ्याकडे यायचे असेल तर मूळ फिल्म आणावी, आणि तिची घडी करू नये.